एम.एस्सी. संख्याशास्त्र: ऐच्छिक विषय कशाच्या आधारे निवडावेत?

चलपद

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण ८८ श्रेयांकांचं झालं. त्यातले ५४ सक्तीच्या मुख्य विषयांचे. ऐच्छिक विषयांना १६, म्हणजे दर सत्राला ४. संशोधन पद्धतीचे ४, ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे ४, आणि संशोधन प्रकल्पाचे १० (तिसऱ्या सत्रात ४, चौथ्यात ६).

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे यादी येते ती साधारण अशी: सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस, रिलायबिलिटी, टाइम सिरीज, बेझियन इन्फरन्स, अ‍ॅक्च्युरिअल स्टॅटिस्टिक्स, एस.क्यू.सी. (सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रण), डेमोग्राफी, मशीन लर्निंग. बहुतेक जण ज्या नावात 'डेटा' किंवा 'मशीन' आहे तिथे टिक करतात. उरलेले सीनियर सांगतील ते घेतात. माझ्या मते या दोन्ही रीती चुकीच्या आहेत. चारही ऐच्छिक विषय एकमेकांना धरून असावेत आणि त्यांचा रोख प्रकल्पाकडे असावा.

जाणकारांना विचारायचं ते हे: (अ) पुढची वाट नक्की असेल तर कुठली जोडी घ्यावी? (ब) वाट नक्की नसेल तर? (क) कॉलेजात ऐच्छिकच्या नावाखाली एकच विषय शिकवला जात असेल तर?

पेठकर

(क) वर सविस्तर खाली लिहितो, पण संलग्न कॉलेजांत नव्वद टक्के वेळा तोच खरा प्रश्न असतो. कागदावर तीन पर्याय आणि वर्गात एक.

मध्यगा

(अ) बद्दल. आय.एस.एस. (भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा) द्यायची असेल तर आधी पेपर समोर ठेवा. स्टॅटिस्टिक्स १ आणि २ वस्तुनिष्ठ, प्रत्येकी ८० प्रश्न, २ तास, २०० गुण. पेपर ३ आणि ४ वर्णनात्मक, ३ तास, २०० गुण. पेपर ४ मध्ये सात उपविभाग आहेत: ऑपरेशन्स रिसर्च आणि रिलायबिलिटी, डेमोग्राफी, सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस आणि क्लिनिकल ट्रायल, क्वालिटी कंट्रोल, मल्टिव्हेरिएट, डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स, सी आणि आर या संगणकभाषांमधलं संगणन. यांतले कोणतेही दोन निवडायचे, प्रत्येकाला निम्मे गुण. म्हणजे अख्खा २०० गुणांचा पेपर दोन विषयांवर उभा आहे. तुमच्या ऐच्छिक यादीत या सातांतलं काय काय आहे ते बघा आणि त्यातलेच दोन घ्या. पेपर वर्णनात्मक आहे, सिद्धता लिहाव्या लागतात. दोन महिन्यांत उरकण्यासारखा हा अभ्यास नाही.

कृष्णाकाठ

मध्यगा, पेपरची माहिती बरोबर आहे, निष्कर्षाशी असहमत. मल्टिव्हेरिएट आणि डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स हे बहुतेक ठिकाणी सक्तीच्या ५४ श्रेयांकांतच असतात. पेपर ४ चे दोन उपविभाग तिथेच झाले! मग ऐच्छिकचे १६ श्रेयांक पुन्हा त्याच परीक्षेवर कशाला घालवायचे? त्यापेक्षा पेपर ३ मधलं इकॉनोमेट्रिक्स आणि टाइम सिरीज घ्या. हे भाग सक्तीच्या अभ्यासक्रमात एक तर नसतात, नाहीतर शेवटच्या आठवड्यात गुंडाळले जातात. पेपर २ मधलं ऑफिशियल स्टॅटिस्टिक्स वर्गात कुणी शिकवतच नाही, ते स्वतःच करावं लागतं.

मध्यगा

मान्य. पण मल्टिव्हेरिएट तिसऱ्या सत्रात असेल आणि विषय निवडायचे पहिल्या सत्रात, तर विद्यार्थ्याला हे कळणार कसं?

कृष्णाकाठ

म्हणूनच प्रवेश झाल्या झाल्या चारही सत्रांचा मंजूर अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचा. फक्त पहिल्या सत्राचा नाही. अभ्यास मंडळाने मंजूर केलेल्या पीडीएफमध्ये प्रत्येक विषयाचा सांकेतिक क्रमांक, श्रेयांक आणि घटकवार तास असतात. 'मशीन लर्निंग' नावाच्या विषयात पहिले दोन घटक लॉजिस्टिक रिग्रेशन आणि प्रिन्सिपल कंपोनंट्सचे असतील, तर निम्मा विषय सक्तीच्या पेपरांतच झालेला आहे हे तिथे दिसतं. नाव वाचून निवडणारे तिथेच फसतात.

वऱ्हाडी_विदा

+१. आणि उलटंही होतं. रिलायबिलिटी आणि सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस हे दोन्ही घेणारे विद्यार्थी बरेच असतात. हॅझार्ड फंक्शन, वायबुल, गॅमा, सेन्सॉरिंग, मॅक्सिमम लाइकलिहूड एवढं दोन्हीकडे तेच. रिलायबिलिटीत वेगळं काय, तर कोहेरंट सिस्टीम, एजिंगचे वर्ग, सिरीज-पॅरलल जोडणी. सर्व्हायव्हलमध्ये वेगळं म्हणजे कॅप्लन-मायर, लॉग-रँक, कॉक्स मॉडेल. एक वर्गात घ्या, दुसऱ्याचं वेगळं तेवढं स्वतः वाचा. आठ श्रेयांकांत साडेपाच श्रेयांकांचाच माल पदरात पडेल.

कारखान्यातली नोकरी डोळ्यांपुढे असेल तर एस.क्यू.सी. घ्या. चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यांत वाहनांचे सुटे भाग बनवणारे सी.पी.के. (प्रक्रिया ठरलेल्या मर्यादेत किती बसते) आणि गेज आर-अँड-आर (मोजमापातच किती फरक पडतो) रोज काढतात. पण विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात भर असतो कंट्रोल चार्ट आणि अ‍ॅक्सेप्टन्स सँपलिंगवर. मोजमाप यंत्रणेचं विश्लेषण बहुधा नसतंच. ते डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्समधल्या रँडम इफेक्ट मॉडेलवरून समजून घ्यावं लागतं: भाग, कामगार आणि त्यांची अन्योन्यक्रिया यांचे व्हेरियन्स कंपोनंट. मुलाखतीत नेमकं तेच विचारतात.

दर्पण१२

क्लिनिकल ट्रायलच्या कंपन्यांबद्दल कुणी सांगेल का? पुण्या-मुंबईत सॅस प्रोग्रामरच्या बऱ्याच जाहिराती दिसतात.

मध्यगा

दर्पण, तिथे दोन कामं वेगळी असतात, जाहिरातीत ती एकत्र दिसतात. बायोस्टॅटिस्टिशियन नमुन्याचा आकार ठरवतो, विश्लेषण आराखडा लिहितो. त्याला सर्व्हायव्हल, इन्फरन्स, मिसिंग डेटा, मल्टिपल टेस्टिंग पक्कं लागतं. स्टॅटिस्टिकल प्रोग्रामर कच्चा विदा (डेटा) सी-डिस्कच्या प्रमाणित साच्यात बसवतो: आधी एस.डी.टी.एम. (मूळ नोंदींची मांडणी), मग विश्लेषणाला सोयीचं अ‍ॅडॅम, मग तक्ते आणि आलेख. अमेरिकेच्या एफ.डी.ए. या औषध नियामक संस्थेला विदा याच साच्यात द्यावा लागतो, म्हणून हे काम इथे येतं. ऐच्छिक विषय म्हणून सर्व्हायव्हल आणि क्लिनिकल ट्रायल ही जोडी दोन्हींना चालते. फक्त प्रोग्रामरला सॅसमधलं डेटा स्टेप, मर्ज, प्रॉक एस.क्यू.एल. आणि मॅक्रो हातात बसलेलं हवं. सॅस ऑनडिमांड फॉर अकॅडेमिक्स शिकण्यासाठी फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. कॉलेजकडे परवाना नसला तरी अडत नाही.

पेठकर

आता (क). वर्गात एकच ऐच्छिक शिकवला जातो, कारण किमान विद्यार्थीसंख्या भरत नाही आणि शिक्षकांचा कार्यभार मंजूर होत नाही. यावर तीन उपाय आहेत.

पहिला, गटाने अर्ज. पहिल्या आठवड्यात, वेळापत्रक लागायच्या आत. 'आम्हा अमुक जणांना अमुक सांकेतिक क्रमांकाचा विषय हवा आहे' असं लेखी, सह्यांसह विभागप्रमुखांकडे द्या. तोंडी मागणीला कार्यभाराच्या फाइलीत जागा नसते.

दुसरा, जवळच्या कॉलेजात किंवा विद्यापीठाच्या विभागात तो विषय घेणे. याला दोन्हीकडची परवानगी लागते आणि वेळापत्रक जुळावं लागतं. म्हणून हे शहरातच जमतं.

तिसरा, स्वयम हा सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच. युजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम स्वयमवरून घेता येतात. आधी ही मर्यादा २० टक्के होती. मात्र 'घेता येतात' म्हणजे आपोआप मिळतात असं नाही. तुमच्या विद्यापीठाने तो अभ्यासक्रम मान्य केलेला असला पाहिजे.

दर्पण१२

एन.पी.टी.ई.एल. आणि स्वयम एकच ना?

पेठकर

स्वयम हा मंच, एन.पी.टी.ई.एल. त्यावरच्या समन्वयक संस्थांपैकी एक. फरक परीक्षेत पडतो. एन.पी.टी.ई.एल.मध्ये असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात १२पैकी उत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरतात, ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात ८पैकी ६. प्रमाणपत्रासाठी २५पैकी किमान १० आणि ७५पैकी किमान ३० असे दोन्ही वेगवेगळे हवेत. परीक्षेत ७० मिळाले आणि असाइनमेंटमध्ये ९, तरी प्रमाणपत्र नाही. शिकणं फुकट, परीक्षेचे दर विषयी १००० रुपये.

कृष्णाकाठ

स्वयमच्या वाटेवर ठेचा कुठे लागतात तेही लिहितो.

श्रेयांकांचा मेळ बसत नाही. १२ आठवड्यांना ३ श्रेयांक, ८ ला २, ४ ला १. आपला ऐच्छिक ४ श्रेयांकांचा. १२ आठवड्यांचा एक घेतला की एक श्रेयांक कमी पडतो. त्यासोबत ४ आठवड्यांचा दुसरा अभ्यासक्रम जोडायला परवानगी आहे का, हे नोंदणीच्या आधी विचारा. काही ठिकाणी तोंडी घेऊन किंवा प्रात्यक्षिक जोडून तो एक श्रेयांक कॉलेज देतं. सत्र संपल्यावर विचारलं तर उत्तर नाहीच येतं.

तारखा. जुलै सत्राची परीक्षा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, निकाल त्यानंतर. कॉलेजने गुण विद्यापीठाला पाठवायची मुदत त्याआधी संपली तर गुणपत्रिकेत त्या विषयापुढे रिकामी जागा दिसते आणि सत्र अपूर्ण ठरतं. म्हणून चौथ्या सत्रात स्वयमवर अवलंबून राहू नये. पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रात घ्यावं, म्हणजे उशिरा आलेला निकाल पुढच्या सत्रात बसवता येतो.

पुनरावृत्ती. सक्तीच्या पेपरशी आशय फार जुळत असेल तर समकक्षता मिळत नाही. 'इंट्रोडक्शन टू प्रोबॅबिलिटी' एम.एस्सी.च्या ऐच्छिकसाठी कुणी मान्य करणार नाही.

आणि नाव. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं (श्रेयांक साठवण्याच्या सरकारी व्यवस्थेचं) खातं डिजिलॉकरमधून, आधारवरच्या नावाने उघडतं. आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव, विद्यापीठात आडनाव आधी, स्वयमवर नुसतं नाव-आडनाव असं असेल तर श्रेयांक खात्यावर चढताना अडकतात. तिन्हीकडे नाव सारखं करून मगच नोंदणी करा. बँकेतले श्रेयांक ७ वर्षांपर्यंत वापरता येतात, पण पदवीसाठी किमान ५० टक्के श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतलेच हवेत.

वऱ्हाडी_विदा

कृष्णाकाठ, नावाचा मुद्दा वेगळ्या धाग्याच्या योग्यतेचा आहे. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींना तर हमखास अडचण. बदलाचं राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र कॉलेजच्या कार्यालयात पहिल्या सत्रातच द्यावं.

राइनतीर

परदेशी दुसरी पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. करू पाहणाऱ्यांसाठी. जर्मनीतली विद्यापीठं अर्जात पाहतात ते विषयाच्या नावापेक्षा त्यातला आशय आणि तास. गणित, संभाव्यता, संगणन या गटांत किमान इतके ई.सी.टी.एस. (युरोपातले श्रेयांक) हवेत अशी अट अनेक ठिकाणी असते. तिकडचं वर्ष ६० ई.सी.टी.एस.चं, एका ई.सी.टी.एस.मागे २५ ते ३० तासांचा एकूण अभ्यास. आपल्या गुणपत्रिकेवर नुसतं 'इलेक्टिव्ह २' छापलं असेल तर तो विषय कुठल्याच गटात धरला जात नाही. तेव्हा प्रत्येक ऐच्छिकचा मंजूर अभ्यासक्रम, त्यावर कॉलेजचा शिक्का आणि सही, हे विद्यार्थी तिथे असतानाच घेऊन ठेवा. अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो आणि जुनी पीडीएफ संकेतस्थळावरून जाते.

सैद्धांतिक पीएच.डी.साठी एक ऐच्छिक मेझर थिअरीवर आधारलेल्या संभाव्यतेचा किंवा असिम्प्टोटिक इन्फरन्सचा हवाच. मशीन लर्निंगचे दोन विषय त्याची भरपाई करत नाहीत.

अमेरिकेबद्दल गैरसमज आहे म्हणून सांगतो: तिथे एम.एस. करताना ऐच्छिक विषय 'डेटा'चे घेतल्याने २४ महिन्यांची स्टेम मुदतवाढ (पदवीनंतर तिथे काम करण्याची वाढीव परवानगी) मिळते असं नाही. ती पदवीच्या सी.आय.पी. (तिथल्या अभ्यासक्रम वर्गीकरणातल्या) सांकेतिक क्रमांकावर ठरते. आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ अभ्यासक्रमात एका सत्रात एकच ऑनलाइन वर्ग किंवा ३ श्रेयांक धरले जातात. ऐच्छिक विषयांचं वेळापत्रक करताना हे पाहावं.

मध्यगा

पीएच.डी.चा विषय निघाला आहे तर: इथली नेट (संशोधन पाठ्यवृत्ती आणि प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) म्हणजे सी.एस.आय.आर.ची मॅथेमॅटिकल सायन्सेस. संख्याशास्त्राचा वेगळा पेपर नाही. विभाग अ मध्ये २०पैकी १५, ब मध्ये ४०पैकी २५, क मध्ये ६०पैकी २० प्रश्न सोडवायचे. गुण ३०, ७५, ९५. संख्याशास्त्र चौथ्या घटकात आहे: संभाव्यता, मार्कोव्ह चेन, इन्फरन्स, रिग्रेशन, मल्टिव्हेरिएट, सँपलिंग, डिझाइन, रिलायबिलिटी, रांगांचा सिद्धांत (क्यूइंग). बेझियन संगणन किंवा डेमोग्राफी घेतलेल्यांना तिथे फारसा उपयोग नाही. स्टोकॅस्टिक प्रोसेस सक्तीत नसेल तर तो ऐच्छिक म्हणून घ्या. लिनियर अल्जेब्रा आणि रिअल अ‍ॅनालिसिसचे प्रश्नही संख्याशास्त्रवाल्यांना सुटतात. ते सोडून देणं परवडत नाही.

चलपद

उत्तम माहिती येते आहे. एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. ऐच्छिकचे १६ धरून सगळे बोलत आहेत, पण प्रकल्पाचे १० आणि प्रशिक्षणाचे ४ मिळवले तर विद्यार्थ्याच्या मर्जीतले श्रेयांक ३० होतात. ऐच्छिक विषय प्रकल्पाला कसे जोडायचे?

कृष्णाकाठ

मनातलं विचारलंत. माझ्या मते पदवीला आकार प्रकल्प देतो आणि ऐच्छिक विषय त्याची तयारी असतात. म्हणून उलटा हिशेब करा. चौथ्या सत्रात सर्व्हायव्हलवर प्रकल्प करायचा असेल, तर सर्व्हायव्हल तिसऱ्या सत्रापर्यंत शिकून झालेलं हवं. ते चौथ्या सत्राच्या ऐच्छिकांत ठेवलं असेल तर विद्यार्थी कॉक्स मॉडेल शिकतोय आणि त्याच वेळी प्रकल्पात वापरतोय, अशी ओढाताण होते. प्रपोर्शनल हॅझार्डचं गृहीतक तपासायचं असतं हे सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात कळतं.

दुसऱ्या सत्रातलं प्रशिक्षणही त्याच दिशेला लावा. ३० तासांना एक श्रेयांक धरला तर ४ श्रेयांकांचे किमान १२० तास होतात. त्यात विदा साफ करण्यापलीकडे काही हाती येत नाही, पण तोच विदा पुढे प्रकल्पाला मिळाला तर तिसऱ्या सत्राचे दोन महिने वाचतात. विदा वापरण्याची लेखी परवानगी प्रशिक्षण चालू असतानाच मागायची.

वऱ्हाडी_विदा

कंपनीचा विदा मिळत नसेल तर सरकारी सर्वेक्षणांचा वापरा. सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण आणि श्रमबल सर्वेक्षणाच्या घटक-स्तर फाइली नोंदणी करून मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्याही मिळतात. त्याची पाचवी फेरी २०१९-२१ची आहे आणि सर्वेक्षणाचं काम मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतं. डेमोग्राफी ऐच्छिक घेतलेल्यांना याहून चांगला विदा शोधून सापडणार नाही.

यात दोन ठिकाणी प्रकल्प हमखास बिघडतात. पहिलं, भारांक (वेट). नमुना सर्वेक्षणाच्या फाइलीत मल्टिप्लायर १०० ने भागायचा की २०० ने, हे उपनमुन्यांवर ठरतं आणि सोबतच्या वाचा-फाइलीत लिहिलेलं असतं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या स्त्रियांच्या फाइलीत व्ही००५ हा स्तंभ दहा लाखांनी भागायचा. दुसरं, प्रमाणत्रुटी (स्टँडर्ड एरर). नमुना गावांच्या किंवा वस्त्यांच्या गटांतून घेतलेला असतो. आरमध्ये साधं जी.एल.एम. (नेहमीचं रिग्रेशन मॉडेल) चालवलं तर गटरचना धरलीच जात नाही, प्रमाणत्रुटी खोट्या लहान येतात आणि जवळपास प्रत्येक चल सिग्निफिकंट दिसतो. सर्व्हे पॅकेजमध्ये स्तर, प्राथमिक नमुना एकक आणि भारांक तिन्ही आधी सांगा, मग मॉडेल. परीक्षक पहिला प्रश्न इथेच विचारतात, आणि विचारावाच.

दर्पण१२

म्हणजे सँपलिंग सक्तीचा विषय आहे म्हणून रटाळ समजू नये.

वऱ्हाडी_विदा

अजिबात समजू नये! साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे सर्वेक्षणाच्या पद्धतींवरच जगभर ओळखले गेले.

पेठकर

अवांतर: पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ मध्ये सुरू झाला, हुजूरबाजार पहिले प्रमुख. महाराष्ट्रात या विषयाची परंपरा जुनी आहे. ऐच्छिक म्हणून 'जे मिळेल ते' शिकवणं तिला शोभत नाही.

मध्यगा

कृषी विद्यापीठांचा उल्लेख राहिला. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथे डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स जाणणारा माणूस लागतो. स्प्लिट प्लॉट, ऑगमेंटेड डिझाइन, कोव्हेरियन्सचं विश्लेषण, मिसिंग प्लॉट हे रोजचं काम. 'अ‍ॅडव्हान्स्ड डिझाइन' असा ऐच्छिक दिसला तर त्यात कन्फाउंडिंगसोबत रिस्पॉन्स सरफेस आहे का बघा. तो भाग औषध कंपन्यांच्या फॉर्म्युलेशन विभागातही चालतो.

चलपद

(ब) वर शेवटचं विचारतो. पहिल्या सत्रात मुलाला खरंच माहीत नसतं. आय.एस.एस., कंपनी, पीएच.डी. सगळंच दूर असतं. त्याने काय टिक करावं?

कृष्णाकाठ

पहिल्या सत्रात ज्या विषयावर पुढचे जास्तीत जास्त विषय उभे राहतात तो घ्यावा. सांख्यिकी संगणन किंवा लिनियर अल्जेब्राशी जवळचा काही असेल तर तो. त्याने कुठलंही दार बंद होत नाही. दुसऱ्या सत्रात टाइम सिरीज किंवा स्टोकॅस्टिक प्रोसेस. तोवर इन्फरन्स आणि लिनियर मॉडेल झालेले असतात, कल कळतो. खरा निर्णय तिसऱ्या सत्राच्या ऐच्छिकचा. तिथे दोन विषयांत अडलात तर ज्या विषयाचा मार्गदर्शक तुमच्या विभागात आहे तो घ्या, कारण प्रकल्पाचे दहा श्रेयांक त्याच्याकडेच करायचे आहेत.

राइनतीर

याला एक अपवाद. चार वर्षांची ऑनर्स पदवी करून जे एक वर्षाच्या ४४ श्रेयांकांच्या एम.एस्सी.ला येतील, त्यांना ऐच्छिकचे ८च श्रेयांक मिळतील. संलग्न कॉलेजांत पदवीला धोरण २०२४-२५ पासून लागू झालं, तेव्हा तिथली पहिली तुकडी २०२८ मध्ये येईल. त्यांना पाया बांधायला पहिलं सत्र नसेल. त्यांनी ही निवड पदवीच्या चौथ्या वर्षातच करायला हवी.

पेठकर

आणि निवडीचा अर्ज भरला की त्याची पोच घ्या. विषय बदलायची मुदत साधारण सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत संपते. परीक्षा अर्जावर चुकीचा सांकेतिक क्रमांक पडला तर हॉल तिकिटावर दुसराच विषय येतो. परीक्षा अर्जाची छापील प्रत निवडीच्या पोचशी ताडून बघा, मग शुल्क भरा.